वाटाण्याचा चष्मा

"अहो, झोपलात वाटतं?"

"छे. डोळ्यांना विश्रांती देतोय."

"घोरत होतात."

"ते नाक. नाकाचं मी काय सांगणार? मी डोळ्यांचा माणूस."

रविवारची दुपार होती. जेवणं उरकली होती, धुतलेली भांडी ओट्यावर निथळत होती, पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन फरशीवर लोळत पडलं होतं. नंबरकाका खुर्चीत ताठ बसून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून होते. शेजारी काकू विणत होत्या. हा संवाद त्या घरात इतका मुरला होता की तो आता भांडण राहिला नव्हता. भिंतीवरच्या घड्याळासारखा आपला चालू असे.

काकांचं चष्म्याचं दुकान होतं. गल्लीतल्या सगळ्यांच्या डोळ्यांचे नंबर त्यांनी काढलेले, म्हणून ते नंबरकाका. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, समोर अक्षरांचा तक्ता, आणि एकेक भिंग सरकवत विचारायचं, "हे बरं, की हे?" गिऱ्हाईक म्हणे, "पहिलं." पुन्हा भिंग बदले. "आता? हे बरं, की हे?" असं करत करत शेवटी गिऱ्हाईक गोंधळून म्हणे, "काका, आता दोन्ही सारखंच दिसतंय हो." ते ओशाळलेलं असे, पण काकांचा चेहरा खुले. "झालं तर मग! नंबर सापडला." लोकांना वाटतं, फरक कळला की काम झालं. काकांचं काम फरक संपला की होई.

दुसऱ्यांना आयुष्यभर निवड करायला लावणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र काहीही निवडता येत नसे. पडदे निळे घ्यावेत की हिरवे हे ठरेना, म्हणून त्यांच्या घरात आजही एका खिडकीला निळा आणि दुसरीला हिरवा पडदा आहे.

आणि झोपेबद्दल त्यांचं ठाम मत होतं की आपण दुपारी झोपत नाही. देवाने पापण्या उगाच दिलेल्या नाहीत. कानाला झाकण नाही, नाकाला नाही, डोळ्यालाच आहे. तेव्हा ते अधूनमधून लावून घेणं हा त्या देणगीचा मान आहे. झोप वेगळी, विश्रांती वेगळी.

तर अशी विश्रांती चाललेली असताना फोन वाजला. लेकीचा होता.

लेक लांबच्या शहरात, एका मोठ्या इस्पितळात रक्त तपासायच्या कामाला होती. लहानपणापासून सदा काहीतरी ओढत, वाहत, लगबगीत असायची म्हणून तिचं नाव मुंगी. आता ती पाळ्यांमध्ये काम करी. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. त्यामुळे झोपेची पार दशा झाली होती. अंथरुणावर पडली की डोळे टक्क उघडे. काकूंच्या जिवाला त्याचाच घोर.

"बाबा, ऐकलंत का? 'नभबंदर'ची नवी मालिका आलीय!"

काका ताडकन उठले. "राखणदार परत आला?"

"नाही हो. ही वेगळी. वाटाण्याची."

इथे दोन शब्द सांगायला हवेत. मुंगी शाळेत असताना 'नभबंदर' नावाची एक मालिका लागायची. आभाळात खूप लांब, सगळ्या ग्रहांच्या पलीकडे एक छोटं बंदर. वाट चुकलेली अवकाशयानं तिथे येऊन थांबायची. बंदराचा एक म्हातारा राखणदार होता, आणि त्याच्या हाताखाली वाटाणा नावाचं एक हिरवं, गोल, एका डोळ्याचं यंत्र. रविवारी दुपारी बापलेक एकाच चादरीत पाय घालून ती बघत, आणि मग आठवडाभर तिच्यावर बोलत. शेवटच्या भागात मात्र राखणदार एका हरवलेल्या यानाला शोधायला म्हणून निघाला, तो परत आलाच नाही. मालिका संपली. इतकी वर्षं वाट बघणाऱ्यांच्या हाती निर्मात्यांनी चक्क वाटाण्याच्या अक्षता दिल्या. मुंगी तेव्हा कॉलेजात होती. तरी रडली होती. काकांनी त्या दिवशी डोळ्यांना फार वेळ विश्रांती दिली होती.

त्यानंतर ती नोकरीला लागली आणि दोघांचे फोन आखूड होत गेले. "जेवलीस?" "हो." "ऊन आहे तिकडे?" "आहे." "बरं, आईला देतो." माया आटली होती असं नाही. पण काही माणसांना एकमेकांकडे थेट बघता येत नाही, मध्ये एखादं भिंग लागतं. तसं यांना 'नभबंदर' लागायचं. ते गेलं आणि दोघांना एकमेकांचं जरा अंधूक दिसायला लागलं.

"नुसत्या वाटाण्यावर अख्खी मालिका?" काकांनी विचारलं.

"हो. आणि चित्रांची. ॲनिमेशन."

"कार्टून म्हण की," मागून काकू म्हणाल्या.

"आई, कार्टून नाही! कार्टून वेगळं, हे वेगळं."

"कलम केल्यासारखं झालं हे," काका विचारात पडले. "मोठ्या झाडाची फांदी कापायची आणि कुंडीत खोचायची."

"तेच ना! जगेल की सुकेल काय माहीत. म्हणून तुम्ही आधी बघा, बाबा. मागच्या वेळी ते शेवटाला तोंडघशी पाडलं ना, आता परत जीव लावायची हिंमत नाही माझी. तुम्ही सांगितलंत बघण्यासारखी आहे, तर मी बघेन. पुढच्या रविवारी फोन करते. नीट बघा हं."

फोन ठेवल्यावर काका खोलीत येरझाऱ्या घालू लागले. बघण्यासारखी आहे म्हटलं आणि ती भिकार निघाली, तर लेकीचा आणखी एकदा विरस, आणि तोही बापाच्या शब्दावर. बघण्यासारखी नाही म्हटलं, तर पुन्हा "जेवलीस?" आणि "ऊन आहे?" पण खरोखर चांगली निघाली तर! तर पुन्हा प्रत्येक रविवार भरलेला.

"काय एवढं?" काकू म्हणाल्या. "लावा की. बघितल्याशिवाय कसं कळणार?"

काकांनी चष्मा स्वच्छ पुसला, टीव्ही लावला आणि ताठ बसले.

पडद्यावर गडद निळं आभाळ आलं. मागे मंद घूंऽऽ असा आवाज, लांब कुठेतरी समुद्र श्वास घेत असावा तसा. रिकामं बंदर. वाटाणा हातात फडकं घेऊन दीपगृहाची भलीमोठी काच पुसत होता. डावीकडून उजवीकडे. मग उजवीकडून डावीकडे. घूंऽऽ. एक तारा लुकलुकला. वाटाण्याने फडकं झटकलं. पुन्हा डावीकडून उजवीकडे...

आणि मग वाटाणा वळला, काचेतून सरळ बाहेर आला आणि काकांच्या दुकानाची पायरी चढला.

"काका," तो म्हणाला, "काच कितीही पुसली तरी अंधूकच दिसते."

"काच स्वच्छ आहे रे बाळा. तुझ्या डोळ्याला नंबर लागलाय," काका म्हणाले. त्यांनी त्याला उंच खुर्चीत बसवलं. डोळा एकच, त्यामुळे फ्रेम अर्धीच पुरली. "हे बरं, की हे?" मागच्या बाकावर कुणीतरी आपल्या पाळीची वाट बघत बसलं होतं. काकांनी वळून पाहिलं, तर राखणदार! दाढीत ताऱ्यांची धूळ, पायात एकच बूट. "अहो, होतात कुठे इतकी वर्षं?" "इथेच होतो जवळपास," राखणदार म्हणाला. "चष्मा हरवला होता. बंदर दिसेना." काकांनी त्याला तक्ता वाचायला लावला. तिसऱ्या ओळीपर्यंत तो नीट आला. "चौथीत ढग आहेत," म्हणाला.

शेवटचं संगीत वाजलं तेव्हा काका डोळे चोळत होते. त्यांचा चेहरा उजळला होता.

"अगं, काय सुंदर केलंय! राखणदार परत आणलाय!"

काकूंच्या सुया थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, आणि तोंडात आलेलं वाक्य गिळून टाकलं. "हो का?" एवढंच म्हणाल्या, आणि पुन्हा विणू लागल्या.

पुढच्या रविवारी फोन वाजला, तेव्हा काका तो हातात घेऊनच बसले होते.

"वाटाण्याला चष्मा लागतो," त्यांनी सुरुवातच केली.

"काय लागतो?"

"चष्मा! एका डोळ्याचा. म्हणून तर त्याला काच सारखी मळकी वाटायची. आणि राखणदार मेलाबिला नव्हता, मुंगे. त्याचा चष्मा हरवला होता, म्हणून वाट सापडत नव्हती."

मुंगी हसायला लागली. किती महिन्यांनी काकांनी ते हसू ऐकलं! खळखळून, मध्येच श्वास अडकणारं, शाळेतलं. "आणि? पुढे? मग तक्ताही वाचला असेल ना त्याने?"

"तीन ओळी. चौथीत ढग आहेत म्हणाला."

"बाई गं!" मुंगी म्हणाली. "मग चौथी कधी वाचणार?"

"ते पुढच्या भागात असेल."

"मग अजून बघा, बाबा. एका भागावर नका ठरवू. मला चौथी ओळ कळल्याशिवाय मी सुरू करणार नाही."

बराच वेळ बोलले दोघं. फोन आईला द्यायचं काका विसरूनच गेले.

आता पाहा गंमत. आनंद ही अशी चीज आहे की ती एकट्याच्या घरात मावत नाही. काकांनी पुढचा भाग बघितला, म्हणजे त्यांच्या पद्धतीने बघितला, आणि त्यात एक शिंपी निघाला. आभाळ एका जागी उसवलं होतं, तिथून थंडी येत होती, आणि तो शिंपी शिडीवर चढून टाके घालत होता. सोमवारी दुकान उघडताच काकांनी ही गोष्ट समोरच्या शिंपीमास्तरांना सांगितली.

"शिंपी?" मास्तरांच्या तोंडातली टाचणी खाली पडली. "अवकाशात? आमच्या धंद्याला कुणी असं मानानं दाखवलेलं मी आजवर पाहिलं नाही, काका."

मास्तरांनी त्याच दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि मालिका लावली. दुसऱ्या दिवशी ते काकांच्या आधी पायरीवर हजर.

"पाहिलीत?" काकांनी विचारलं.

"पाहिली म्हणजे काय! डोळ्यांत तेल घालून पाहिली. काय हात हो त्याचा! पण एक कळलं नाही. त्याने जहाजाला बटणं कशाला लावली?"

काकांना बटणं काही आठवेनात. पण ज्याने मालिकेची शिफारस केली त्यालाच बटणं माहीत नाहीत, हे बरं दिसेना. कदाचित विश्रांतीच्या एखाद्या क्षणी निसटली असतील. "ती... ती वाऱ्यासाठी. आत शिरू नये म्हणून."

"हां! तरीच काजं इतकी घट्ट!"

हे बोलणं कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या मावशींनी ऐकलं. गल्लीत काही चाललंय आणि आपल्याला माहीत नाही, ही गोष्ट मावशींना सहन होणारी नव्हती. दुपारी भट्टी निवली की त्यांनाही थोडा निवांतपणा असे. दोन दिवसांनी त्या पिठाच्या हातांनीच आल्या.

"अहो, ती पावाची लादी! काय दाखवलीय! फुगत फुगत ढगाएवढी होते, आणि तो वाटाणा तिच्यावर बसून निघतो!"

काका मास्तरांकडे बघू लागले. मास्तर काकांकडे.

"लादी ना?" मास्तर म्हणाले. "ती कोण विसरेल!"

"वासच आला मला तर," काका म्हणाले.

"आणि तुमची ती बटणं!" मावशी घाईने म्हणाल्या. "तीही छानच."

इथे जरा थांबून झोपेची थोरवी सांगायला हवी. जगात जे जे मोलाचं, ते मागून मिळत नाही, आणि झोप त्यात पहिली. राजाने हुकूम सोडला तरी ती येत नाही, आणि दमलेल्याच्या उशाशी न बोलावता येऊन बसते. ती देवाघरची माउली आहे. लेकराची जात विचारत नाही, वय विचारत नाही, थोपटते. आणि तरीही माणूस असा कृतघ्न, की तिच्या मांडीवरून उठला की पहिलं वाक्य काय बोलतो? "मी झोपलो नव्हतो." असो. मूळ पदावर येऊ.

काही रविवार असे गेले. दर रविवारी काका सांगत, मुंगी ऐके, हसे, प्रश्न विचारी. राखणदाराला दुसरा बूट मिळाला. उसवलेलं आभाळ शिवून झालं. वाटाणा चष्मा घालून पहिल्यांदा तारे बघतो तेव्हा म्हणतो, "एवढे होते?" हे ऐकून मुंगी पलीकडून हळूच म्हणाली, "बाबा, कामावरून आले की तुमचं हे सगळं आठवत पडते. झोप येत नाही ती नाहीच, पण बरं वाटतं." चौथी ओळ तेवढी अजून वाचायची राहिली होती.

आणि मग एका रविवारी ती म्हणाली, "ठरलं बाबा. आता मी पण बघणार."

"वा! आजच सुरू कर."

"इथे नाही. सुट्टी मिळालीय. पुढच्या रविवारी घरी येते. दोघं मिळून पहिल्यापासून बघू. चादर काढून ठेवा."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. मुंगी घरी यायची म्हणजे वर्षातून कधीतरी, तेही धावतपळत. त्यांनी ठरवलं, तिला उत्तमातले उत्तम भाग दाखवायचे. राखणदार तक्ता वाचतो तो प्रसंग नेमका कुठे आहे, ते आधी शोधून ठेवावं. बुधवारी त्यांनी दुपारी दुकान बंद ठेवलं, घरी आले आणि मालिका लावली. या वेळी बसले नाहीत. हातात रिमोट घेऊन टीव्हीच्या पुढ्यात उभे राहिले.

वाटाणा काच पुसत होता. काकांनी पुढे नेलं. काच पुसत होता. आणखी पुढे. फडकं झटकत होता. दुसरा भाग. काच. तिसरा. फडकं धुऊन वाळत घातलं होतं आणि वाटाणा ते वाळायची वाट बघत होता. चौथा. फडकं वाळलं. काच. ना चष्मा, ना तक्ता, ना शिडीवरचा शिंपी, ना ढगाएवढी लादी. राखणदाराचा तर बूटसुद्धा नाही.

आधी काकांनी टीव्हीच्या मागे जाऊन वायर हलवून पाहिली. मग तसेच समोर शिंपीमास्तरांकडे गेले.

"मास्तर, ती बटणं कितव्या भागात आहेत?"

"बटणं ना?" मास्तर मशीनवर वाकले. "ती आपली... मधल्या."

"मास्तर, माझ्याकडे बघा."

मास्तरांनी वर पाहिलं. मग आजूबाजूला पाहून खालच्या आवाजात म्हणाले, "काका, शपथेवर सांगतो, कुणाला बोलू नका. तो घूं सुरू झाला की मला काही कळतच नाही. जागा होतो तेव्हा शर्टाच्या बाहीवर डोकं असतं. पण तुम्ही सांगितलेला शिंपी मला दिसला बरं का! अगदी समोर!"

मावशींकडे जायची गरज पडली नाही. त्या दारातच उभ्या होत्या.

"बघता काय माझ्याकडे?" त्या म्हणाल्या. "मी आपली पहाटेपासून उठलेली असते."

तिघं बाकावर बसले. अख्खी गल्ली गेले कित्येक आठवडे एक न घडलेली मालिका बघत होती.

"पोरीला काय सांगू?" काका म्हणाले. "चार लोकांचं जाऊ द्या. ती सुट्टी काढून येतेय हो. माझ्या शब्दावर. मागच्या वेळी निर्मात्यांनी फसवलं. या वेळी बापाने."

"फोन करून सांगून टाका," मास्तर म्हणाले.

"मग ती येणार नाही."

"मग सांगू नका," मावशी म्हणाल्या.

"मग ती आल्यावर कळेल."

कुठलं बरं, हे की ते? काका नेहमीप्रमाणे ठरवू शकले नाहीत, आणि त्यांचं न ठरताच रविवार उजाडला.

मुंगी आली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, गाल बसलेले, पण दारातूनच "चादर काढलीत?" म्हणत आली. काकूंनी तिला पोटाशी धरलं, आणि जेवायला वाढताना तिच्याकडे बघत राहिल्या.

दुपारी दोघं टीव्हीपुढे बसले. चादर पायांवर. काकू विणकाम घेऊन बाजूला.

"मुंगे," काका म्हणाले, "एक सांगायचं होतं."

"शूऽ. सुरू होतंय."

घूंऽऽ. निळं आभाळ. वाटाणा काच पुसू लागला. काका पडद्याकडे बघतच नव्हते. ते लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. आता कपाळाला आठी पडेल. आता विचारेल, चष्मा कुठाय? डावीकडून उजवीकडे. मुंगीने एकदा पापणी लववली. उजवीकडून डावीकडे. तारा लुकलुकला. मुंगीची मान हळूच कलली आणि काकांच्या खांद्यावर येऊन टेकली.

काकांनी श्वास रोखला. काकूंनी सुया थांबवल्या. खोलीत फक्त ते घूं चाललं होतं, आणि त्यात मिसळलेला, लहानपणीसारखा, तोंड किंचित उघडं टाकून घेतलेला मुंगीचा श्वास. झोपली होती. दिवसाढवळ्या, बसल्या बसल्या, गाढ.

काका हलले नाहीत. हाताला मुंग्या आल्या, खांदा बधिर झाला, नाकावर माशी बसली, पण हलले नाहीत. त्या दिवशी नंबरकाकांनी मालिकेचे लागोपाठ भाग सताड उघड्या डोळ्यांनी, पापणीलासुद्धा विश्रांती न देता पाहिले. काच पुसणं इतकं वाईटही नव्हतं. वाटाणा कोपरे सोडत नसे, हे त्यांना कारागीर म्हणून आवडलं.

फरशीवरचं ऊन खिडकी चढून गेलं तेव्हा मुंगी हलली.

"झोप झाली का गं?" काकूंनी विचारलं.

मुंगीने डोळे न उघडताच उत्तर दिलं, "झोपले कुठे? डोळ्यांना विश्रांती देत होते."

काकू पदराआड हसल्या. काकांना मात्र हसू येईना.

"मुंगे, मी तुला खोटं सांगितलं," ते भडाभडा बोलू लागले. "मुद्दाम नाही. पण या मालिकेत काहीही नाही. चष्मा नाही, राखणदार नाही, काही नाही. मी... मी झोपत होतो. दर वेळी."

हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. घड्याळसुद्धा क्षणभर थांबलं असावं.

"माहितीये मला," मुंगी म्हणाली. "आईने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू टाके मोजत होत्या.

"आणि मालिकेचा पहिला भाग मी तेव्हाच लावला होता, बाबा. पाच मिनिटांत बंद केली. कंटाळवाणी आहे हो! तुमची चांगली होती."

"मग दर रविवारी विचारत का होतीस?"

"चौथी ओळ राहिलीये ना अजून."

काका चष्मा काढून पुसू लागले. काच स्वच्छच होती.

"बरं, आता तुम्ही सांगा," मुंगी त्यांच्या खांद्याला टेकत म्हणाली. "जुनं 'नभबंदर' बरं, की हे?"

असा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता, विचारणारे तेच. काकांनी जुनी चादर पाहिली, तिच्यातले चार पाय पाहिले, लेकीच्या गालावर उमटलेली आपल्या शर्टाची शिवण पाहिली.

"दोन्ही सारखंच दिसतंय," ते म्हणाले.

"झालं तर मग! नंबर सापडला," मुंगी म्हणाली. "लावा पुढचा भाग."

घूंऽऽ सुरू झालं. वाटाण्याने फडकं उचललं. मुंगीची मान कलली. तिच्या डोक्यावर काकांची मान कलली, आणि त्यांच्या नाकाने आपलं काम सुरू केलं.

काकू तेवढ्या जाग्या. घरात कुणीतरी जागं लागतंच. पहिल्या दिवसापासून ही मालिका इमानाने, शेवटच्या नावापर्यंत पाहणारं त्या गल्लीत कुणी असेल तर त्या एकट्या. हा शेवटचा भाग होता, तेवढाच त्यांचाही बघायचा राहिला होता. वाटाणा काच पुसून दमला, फडकं बाजूला ठेवून बसला. दिवा लागला. स्वच्छ काचेतून त्याचा प्रकाश लांबवर गेला, आणखी लांब गेला, आणि त्या काळोखात एक अगदी लहानसं यान वळताना दिसलं. ते बंदराला लागलं. दार उघडलं. दाढीत ताऱ्यांची धूळ घेऊन, म्हातारा राखणदार उतरला. काच एवढी लख्ख नसती तर दिवा दिसलाच नसता, असं वाटाण्याला म्हणाला, आणि बाकावर बसला.

काकूंच्या सुया हातातच राहिल्या. त्यांनी त्या दोघांकडे पाहिलं. उठवावं का? हात पुढे गेलासुद्धा.

मग त्यांनी चादर दोघांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि टीव्हीचा आवाज बारीक केला. त्यांना कशाला उठवायचं? त्यांना तर हे कधीपासून माहीत होतं.